घोट्यात फीलर गेज घालायचा कुठून?

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात राहणाऱ्या एका निवृत्त फिटरकाकांनी मला हा प्रश्न विचारला. त्यांची सगळी नोकरी ‘भेल’मध्ये, टर्बाइनच्या कामात गेली. गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा ही वस्ती त्या कारखान्याभोवतीच वाढली. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स नावाने कंपनी सुरू झाली आणि १९७४ मध्ये ती ‘भेल’मध्ये विलीन झाली. मोजमाप तिथल्या माणसांच्या अंगात असतं. काकांचा उजवा घोटा वर्षभर दुखत होता. एक्स-रे काढला.

“डॉक्टर म्हणाले, सांध्यातली गॅप कमी झालीय. मी विचारलं, आधी किती होती, आता किती राहिली? तर म्हणे, ‘थोडी कमी आहे.’ अहो, थोडी म्हणजे किती मायक्रॉन? आम्ही बेअरिंगमध्ये फीलर गेज सरकवून क्लिअरन्स मोजायचो. यांनी माझ्या पायात काय सरकवलं?”

फीलर गेज म्हणजे चाकूच्या पात्यांसारख्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. प्रत्येक पट्टीवर तिची जाडी कोरलेली असते. जी पट्टी फटीत जेमतेम सरकते, तिची जाडी म्हणजे फटीचं माप. घोट्यात अशी पट्टी घालता येत नाही. मग मोजतात कसं? आणि आलेल्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा?

१. गॅप नावाची गॅप नसतेच

बेअरिंगमध्ये दोन धातूंच्या मध्ये खरोखरच फट असते आणि तिच्यात तेल असतं. सांध्यात तसं नाही. नडगीच्या हाडाचं खालचं टोक आणि त्याखालचं टॅलस नावाचं हाड, या दोघांवर कूर्चेचा गुळगुळीत थर बसवलेला असतो. निरोगी घोट्यात हे दोन थर एकमेकांना टेकलेले असतात, मध्ये वंगणाचा नुसता ओलावा. एक्स-रेमध्ये जी काळी पट्टी दिसते आणि जिला सगळे ‘गॅप’ म्हणतात, ती मोकळी जागा नसते. तिथे दोन कूर्चा असतात, फक्त त्या दिसत नाहीत.

कूर्चा एक्स-रेत का दिसत नाही? हाडात कॅल्शियम असतं, ते किरण अडवतं, म्हणून हाड पांढरं उमटतं. कूर्चेत वजनाने ६५ ते ८० टक्के पाणी असतं. किरणांच्या दृष्टीने ती आणि शेजारचं मांस यांत फारसा फरक नाही. म्हणजे ज्या वस्तूचं माप हवं तीच फोटोत नसते. तिच्या दोन्ही बाजूंची हाडं दिसतात आणि मधलं अंतर आपण तिच्या नावावर जमा करतो.

“पोळपाट आणि लाटणं दिसतंय, मधली पोळी दिसत नाहीय,” असं मी काकांना सांगितलं. त्यावर काकू आतून म्हणाल्या, “दोन पोळ्या म्हणा.” काकूंचं बरोबर होतं. पोळ्या दोन आहेत, आणि पातळ कोणती झाली ते एक्स-रे कधीच सांगत नाही.

२. पाणी धरून ठेवणारं विणकाम

जे मोजायचं ते आधी नीट समजून घेऊ. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणूनच ती झिजू लागते तेव्हा स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं हाड आणि सांध्याचं अस्तर. कूर्चेत पेशी अगदी थोड्या असतात. बाकीचा डोलारा दोन गोष्टींवर उभा असतो. एक, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांचं जाळं. दोन, त्या जाळ्यात अडकलेले प्रोटिओग्लायकन नावाचे झुबकेदार रेणू. या झुबक्यांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाणी ओढून घेतात. गादीत कापूस ठासून भरला की तो खोळीला आतून ताण देतो, तसं. पाऊल टाकलं की थोडं पाणी दाबलं जाऊन बाजूला सरकतं, पाऊल उचललं की परत येतं.

कोलॅजेनचा दोरा तीन पदरी पिळाचा असतो, हे १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडलं. रामचंद्रन हे नाव लक्षात ठेवा, ते याच प्रकरणात पुन्हा वेगळ्या दाराने आत येणार आहेत.

३. सगळ्यात पातळ, तरी टिकाऊ

गुडघ्याची कूर्चा सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि वाटीखाली त्याहून बरीच जाड. घोट्याची मात्र साधारण एक ते दीड मिलिमीटर, पोस्टकार्डाचे चार-पाच कागद एकावर एक ठेवावेत इतकी. त्यातही घोट्यात भार पेलणारा पृष्ठभाग गुडघ्याच्या जेमतेम एक तृतीयांश. हिशेबाने घोटा आधी झिजायला हवा. प्रत्यक्षात झिजेचा संधिवात गुडघ्याला सर्रास होतो, घोट्याला क्वचित.

कारण जोडणीत आहे. घोट्यातली हाडं एकमेकांत खोबणीसारखी नेमकी बसतात, त्यामुळे भार सगळीकडे सारखा पसरतो. जिथे जोड सैल आणि आकार बेमेळ, तिथे निसर्ग जाड गादी घालतो. जिथे जोड चोख, तिथे पातळ थर पुरतो. शिवाय घोट्याची कूर्चा गुडघ्याच्या मानाने घट्ट विणीची आहे, तिच्यात पाणी कमी आणि प्रोटिओग्लायकन जास्त असतात.

पण चोख जोडणीवर अवलंबून राहण्याची किंमत असते. १९७६ साली रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांच्या घोट्यांवर केलेला प्रयोग अस्थिरोगतज्ज्ञांना पाठ असतो: टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त एक मिलिमीटर सरकला तर हाडांचा परस्परस्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. काकांनी ऐकल्याबरोबर मान डोलावली. शाफ्टचं अलाइनमेंट चुकलं की बेअरिंग खलास, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणूनच घोट्याच्या झिजेच्या दहापैकी सुमारे सात रुग्णांत मूळ कारण जुनी दुखापत असतं: मोडलेलं हाड, वारंवार मुरगळलेला पाय. काकांचाही पाय तरुणपणी शॉपच्या जिन्यावरून घसरून मोडला होता. एक्स-रेच्या दिवशी ते त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. एक्स-रेचा शोध लागण्याआधी, १८९३ साली, लाहोरच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या हॅव्हलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांची पायाची हाडं तपासून लेख लिहिला. उकिडवं बसण्याच्या सवयीमुळे नडगीच्या खालच्या कडेला आणि टॅलसच्या मानेवर, जिथे ती दोन हाडं टेकतात तिथे, छोट्या गुळगुळीत खुणा दिसतात, असं त्यांनी नोंदवलं. आपण चुलीपुढे, भाजीच्या टोपलीपुढे, नळापुढे कसे बसलो याची नोंद घोटा ठेवतो.

४. सावलीची फूटपट्टी

आता एक्स-रेकडे परत. एक्स-रे म्हणजे सावली. कंदिलापुढे हात धरून भिंतीवर हरीण केलेलं आठवतं? हात भिंतीपासून दूर नेला की हरीण मोठं होतं. इथेही तसंच. समजा किरणांचा उगम प्लेटपासून १०० सेंटिमीटरवर आहे आणि घोटा प्लेटपासून ५ सेंटिमीटरवर. तीन मिलिमीटरची पट्टी ३.१६ दिसेल. पुढच्या वर्षी तोच घोटा १० सेंटिमीटरवर धरला तर ३.३३. सांध्यात काहीही न बदलता ०.१७ मिलिमीटर ‘वाढले’. उलट क्रमाने फोटो काढले असते तर तेवढेच ‘झिजले’ असते.

याहून मोठी गफलत झोपण्या-उभं राहण्याची. आडवं पडून काढलेल्या फोटोत सांध्यावर भार नसतो, हाडं सैल असतात आणि पट्टी ऐसपैस दिसते. उभं राहून, अंगाचा भार टाकून काढलेल्या फोटोतच खरी स्थिती कळते. घोट्याच्या झिजेसाठी एक्स-रे काढायला सांगितला असेल आणि पायावर उभं राहता येत असेल, तर तो उभ्याने काढायचा का, हे विचारून घ्यावं. हल्ली उभ्या माणसाच्या पायाचं सीटी करणारी छोटी यंत्रंही आली आहेत, त्यांत माणूस चौथऱ्यावर उभा राहतो आणि यंत्र घोट्याभोवती फिरतं.

आणि रिपोर्टातलं ‘ग्रेड टू’? ती पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत: पट्टी किती अरुंद झाली, कडेला हाडाचे काटे किती वाढले, हे डोळ्यांनी बघून दिलेली श्रेणी. हे माप नव्हे. भाकरी कच्ची, बरी, खरपूस, करपलेली असं आपण म्हणतो, तसं. उपयोग नक्की आहे, पण दोनची पायरी एकच्या दुप्पट आहे असं कुणी समजू नये.

५. पाणी बघणारं यंत्र

कूर्चा प्रत्यक्ष दिसते ती एमआरआयमध्ये, कारण हे यंत्र हाडातलं कॅल्शियम शोधत नाही, पाण्यातला हायड्रोजन शोधतं. कूर्चा तर पाण्यानेच भरलेली. काकांना वाटलं, झालं काम. मी म्हटलं, आता खरी पंचाईत सुरू होते.

एमआरआयचं चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखं असतं. समजा एका ठिपक्याची बाजू ०.४ मिलिमीटर आहे आणि कूर्चा १.२ मिलिमीटर जाड. म्हणजे संपूर्ण कूर्चा तीन ठिपक्यांत संपली. त्यातले कडेचे ठिपके अर्धे कूर्चेवर, अर्धे हाडावर पडतात आणि राखाडी दिसतात. रेघ कुठे मारायची हे माणूस किंवा संगणक ठरवतो. दोन्ही कडांना अर्धा अर्धा ठिपका चूक झाली तर ०.४ मिलिमीटर गेले, म्हणजे मापाचा तिसरा हिस्सा. गुडघ्याच्या वाटीखाली तीच चूक खपून जाते. घोट्यात खपत नाही.

काकांनी लगेच विचारलं, “म्हणजे याचा लीस्ट काउंट ०.४?” लीस्ट काउंट म्हणजे मोजपट्टीवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, शाळेतलं लघुतम माप. प्रश्न अगदी मर्मावर होता. उत्तर मात्र ‘हो आणि नाही’ असं आहे.

एका जागेची जाडी विचारली तर हो. पण सरासरी जाडी वेगळ्या वाटेने काढता येते. धिरडं घाला. ६० मिलिलिटर पीठ २० सेंटिमीटर व्यासाच्या गोलात पसरलं. गोलाचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. पिठाचं आकारमान भागिले क्षेत्रफळ, जाडी आली जवळजवळ दोन मिलिमीटर, आणि फूटपट्टी हातात घ्यावीच लागली नाही. कूर्चेचंही असंच करतात: सगळ्या कापांतले ठिपके मोजून आकारमान काढायचं, पृष्ठभागाने भागायचं. हजारो ठिपक्यांत कुठे रेघ आत गेली, कुठे बाहेर, त्या चुका एकमेकींना खातात आणि सरासरी एका ठिपक्यापेक्षाही बारीक येते. पण सगळीकडे रेघ बाहेरच मारण्याची सवय असेल तर ती चूक कितीही सरासरी काढली तरी जात नाही. शिवाय सरासरीत खड्डा लपतो. धिरड्याला मध्येच भोक पडलं असेल तरी सरासरी जाडी दोन मिलिमीटरच येईल, आणि घोट्याचं दुखणं पुष्कळदा त्या भोकातच असतं.

दुसरी पंचाईत घुमटाची. टॅलसचा माथा गोल आहे आणि एमआरआय त्याचे सरळ काप घेतो. काकडी आडवी कापली तर साल पातळ दिसते, तिरकी कापली तर जाड. काप ३० अंशांनी कलला तर १.२ मिलिमीटरची कूर्चा १.४ दिसते, ४५ अंशांनी कलला तर १.७. नेहमीच्या तपासणीत काप साधारण तीन मिलिमीटर जाड असतात, त्यामुळे घुमटाच्या उतारावर कूर्चा आणि हाड एकाच कापात मिसळतात. म्हणून संशोधनात सर्व बाजूंनी सारख्या, बारीक ठिपक्यांची त्रिमित चित्रं घेतात आणि संगणक प्रत्येक जागी पृष्ठभागाला काटकोनात जाडी मोजतो. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पाय तसूभरही हलवायचा नसतो.

तिसरी गोष्ट वर आलीच आहे: दोन कूर्चा टेकलेल्या. त्यांच्यातली सीमा दिसावी म्हणून काही संशोधक यंत्रात झोपलेल्या माणसाच्या पायाला वजन टांगून घोटा हलका ताणतात, म्हणजे मध्ये पाण्याची बारीक रेघ येते. चौथी, हाडाच्या मगजातली चरबी. तिच्यातला हायड्रोजन पाण्यातल्या हायड्रोजनपेक्षा किंचित वेगळ्या सुरात बोलतो. त्यामुळे यंत्राचा पत्ता चुकतो आणि हाडाची कड थोडी सरकून उमटते. एका हाडावरची कूर्चा उगाच जाड, दुसऱ्यावरची उगाच पातळ. यावर उपाय आहे, चरबीचा आवाज बंद करून चित्र घेतात.

६. बाकीची हत्यारं, थोडक्यात

अल्ट्रासाऊंड स्वस्त आणि सहज मिळणारं. पाऊल खाली ताणलं की टॅलसच्या माथ्याचा पुढचा भाग नडगीच्या छताखालून बाहेर येतो आणि त्यावरची कूर्चा काळ्या पट्टीसारखी स्वच्छ दिसते. छताखाली उरलेली मात्र दिसत नाही, कारण ध्वनिलहरी हाडातून पार जात नाहीत.

सीटीमध्येही कूर्चा एरवी दिसत नाही, पण सांध्यात सुईने रंगद्रव्य सोडलं की ते तिच्या कडेने पसरतं आणि तिचा आकार उठून दिसतो. पातळ कूर्चेसाठी ही पद्धत फार नेमकी आहे, फक्त सुई टोचावी लागते. सीटीत निरनिराळ्या बाजूंच्या सावल्यांवरून आतला काप उभा करायचं गणित असतं. ते झटपट करण्याची एक रीत १९७१ साली रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी दिली. कोलॅजेनचा पीळ उलगडणारे तेच रामचंद्रन. कूर्चेच्या दोऱ्यावर आणि ती बघण्याच्या गणितावर एकाच माणसाचं नाव असावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

७. जाडी तीच, पण पोत?

जाडी हे उशिरा कळणारं माप आहे. बेअरिंगचा पृष्ठभाग आधी खराब होतो, क्लिअरन्स मागून वाढतो. कूर्चेतही आधी विणकाम सैल होतं, पाणी मोकळं होतं, आणि थर पातळ व्हायला पुढे वर्षं जातात. उलट सुरुवातीला पाणी शिरून ती थोडी फुगूही शकते, म्हणजे माप ‘सुधारल्या’सारखं दिसेल!

हा बदल पकडण्यासाठी टी-टू नावाचं मोजमाप वापरतात. देवघरातली घंटा वाजवून सोडली तर नाद बराच वेळ घुमतो. वाजवून लगेच हाताने धरली तर चटकन विरतो. एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनची अशी घंटा वाजवतो आणि नाद किती वेळात विरतो ते मोजतो. मोकळ्या पाण्याचा नाद सेकंदाच्या हिशेबात टिकतो. कूर्चेतलं पाणी कोलॅजेनच्या जाळ्यात धरलेलं, त्याचा नाद सेकंदाच्या काही शतांश भागांत विरतो. जाळं सैल झालं की नाद लांबतो. प्रत्येक ठिपक्याचा हा वेळ रंगांत मांडला की कूर्चेचा पोत नकाशासारखा समोर येतो. इथेही एक फसगत आहे: दोरे एमआरआय यंत्रातल्या चुंबकाच्या दिशेशी सुमारे ५५ अंशांचा कोन करत असतील तर निरोगी कूर्चेचाही नाद लांब वाटतो. घुमटाच्या उतारावर असा कोन कुठे ना कुठे येतोच.

या मापाची सर्वांत अचाट परीक्षा २००९ साली झाली. १९ एप्रिलला इटलीतल्या बारीहून धावपटू निघाले आणि ६४ दिवस, एकही सुट्टी न घेता, नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत सुमारे ४,५०० किलोमीटर धावले. आळंदी ते पंढरपूर पायी वारी साधारण अडीचशे किलोमीटरची. अशा अठरा वाऱ्या पाठोपाठ, आणि त्याही पळत. त्यांच्याबरोबर एका ट्रेलरवर चढवलेला एमआरआय गावोगाव फिरत होता, आणि ४४ धावपटूंचे पाय वाटेत पुन्हा पुन्हा तपासले गेले. पहिल्या दीड-अडीच हजार किलोमीटरपर्यंत घोट्याच्या कूर्चेचं हे माप बिघडत गेलं. त्यानंतर धावणं चालू असतानाच ते सावरू लागलं. कूर्चा एकदा बिघडली की बिघडलीच, या समजाला तिथे चांगलाच तडा गेला. काकांनी यावरून पहाटेची धाव सुरू करू नये म्हणून मी घाईने पुढचं सांगितलं: ती माणसं वर्षानुवर्षं तयार झालेली होती, आणि त्यांच्या सांध्यांची जोडणी जिन्यावरून पडून बिघडलेली नव्हती.

या गोष्टीतून रोजच्या मोजमापालाही एक पथ्य मिळतं. भार पडला की कूर्चेतलं पाणी सरकतं. काही उठाबशा काढल्या तरी गुडघ्याच्या वाटीमागची कूर्चा काही टक्क्यांनी पातळ होते आणि तास-दीड तासाने पूर्ववत होते. शिफ्ट संपवून थेट आलेल्या माणसाचं आणि सकाळी उठून रिक्षाने आलेल्या माणसाचं माप सारखं धरता येत नाही. म्हणून संशोधनात आधी माणसाला अर्धा-एक तास बसवून ठेवतात. काका म्हणाले, यात नवीन काय? जॉब मशीनवरून गरम उतरला की आम्हीही तो थंड होईपर्यंत मायक्रोमीटर लावत नव्हतो.

पुढच्या महिन्यात काका उभ्याने काढलेला एक्स-रे आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आले. रिपोर्टात टॅलसच्या माथ्यावर, आतल्या कोपऱ्यात, कूर्चेला छोटा खड्डा असल्याचं लिहिलं होतं. बाकीची कूर्चा शाबूत. पायाचा जुना मोडलेला भाग किंचित वाकडा जुळलेला. जाडीचा आकडा कुठेच नव्हता. मी काही बोलायच्या आत त्यांनी वहीत तारीख, यंत्राची ताकद, ‘सकाळी १०, अर्धा तास बसून’ एवढं लिहून ठेवलं होतं. जाडीच्या रकान्यात आडवी रेघ होती, आणि रेघेपुढे अधिक-उण्याचं चिन्ह काढून जागा मोकळी सोडली होती.